खुब्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा धावायचं असेल तर

“डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी चालेल.” एवढ्या एका वाक्यावर बूट चढवून किनाऱ्यावर उतरणारी माणसं कोकणात फिजिओथेरपीच्या कामात वरचेवर भेटतात. तीन महिन्यांनी नेमकं काय चालेल, हे बहुतेकांनी विचारलेलं नसतं. ऑपरेशन मुंबईला नाहीतर कोल्हापूरला झालेलं, पुढची तपासणी लांबची, आणि गावात ज्याला त्याला सल्ला द्यायचा असतो. त्यामुळे किती आठवडे झाले, यापेक्षा ऑपरेशनचा पाय एकटा किती भार पेलतो, हे आधी बघायचं.

आधी डिस्चार्ज कार्ड काढा

‘खुब्याचं ऑपरेशन’ या दोन शब्दांत निदान चार वेगळ्या गोष्टी येतात आणि धावण्याच्या बाबतीत चौघींची उत्तरं वेगळी आहेत.

दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन, म्हणजे आर्थ्रोस्कोपी, बहुधा तरुण खेळाडूंचं असतं. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत बसतो तिच्या कडेचं फाटलेलं लॅब्रम, म्हणजे कुर्चेची कड, शिवतात, हाडाचा जास्तीचा उंचवटा घासतात. सगळं नीट चाललं तर साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हलकं धावणं सुरू होतं. पूर्ण वेगाला सहा महिने किंवा जास्तही लागतात. यांनी सुरुवातीच्या आठवड्यांत आडवं पडून पाय सरळ वर उचलण्याचा व्यायाम स्वतःच्या मनाने करू नये. जांघेतले स्नायू त्याने चिडतात आणि मग महिनाभर तेच दुखणं निस्तरत बसावं लागतं.

हाड मोडून रॉड किंवा स्क्रू टाकले असतील तर एक्स-रेत हाड जुळलेलं दिसेपर्यंत धावण्याचा विषयच नाही. खुब्याच्या मानेचं हाड मोडलं असेल तर गोळ्याचा रक्तपुरवठा पुढे वर्ष-दोन वर्षांनीही कमी पडू शकतो. सगळं बरं झाल्यावर जांघेत पुन्हा दुखायला लागलं तर ‘वातावरण दमट आहे म्हणून’ असं म्हणून सोडून देऊ नका.

रक्तपुरवठा तुटून गोळा खराब होतो त्या एव्हीएनसाठी हाडात भोकं पाडली असतील, तर सर्जनने नवीन एमआरआय बघून स्पष्ट ‘हो’ म्हटल्याशिवाय धावायचं नाही.

राहिला सांधा बदललेला माणूस. इथे डॉक्टरांतच दोन मतं आहेत. पूर्वी सरसकट ‘नाही’ म्हणायचे: सांध्यातलं प्लॅस्टिक झिजतं, बसवलेला भाग सैल होतो, आणि पडल्यावर त्याच्या आजूबाजूचं हाड मोडलं तर दुरुस्ती अवघड. आताचं प्लॅस्टिक आणि सिरॅमिक बरंच टिकतं, म्हणून आधीपासून धावणाऱ्यांना काही सर्जन मर्यादित परवानगी देतात. टेनिसपटू अँडी मरेचं उदाहरण हमखास दिलं जातं. त्याचं ऑपरेशन जानेवारी २०१९ मध्ये झालं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली. पण त्याचं हिप रिसरफेसिंग होतं, गोळा कापून न टाकता त्यावर धातूची टोपी बसवलेली, आणि दिमतीला दिवसभर प्रशिक्षक आणि फिजिओ. माझं मत विचाराल तर आयुष्यात कधी न धावलेल्या माणसाने सांधा बदलल्यावर धावायला सुरुवात करण्याचं काही कारण नाही. झपाझप चालणं, सायकल, पोहणं पुरेसं आहे.

सर्जनला विचारायचे प्रश्न लिहूनच न्या: सांधा मागून उघडला की पुढून? वाकण्याची बंधनं कधी उठतील? मी धावू का, आणि किती? शेवटचं उत्तर कागदावर लिहून मागा.

घरातले पहिले आठवडे

मागच्या बाजूने सांधा बदलला असेल तर साधारण ६ ते १२ आठवडे तीन गोष्टी टाळायला सांगतात: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाय आतल्या बाजूला वळवणं. कोकणातल्या घरात या तिन्ही गोष्टी दिवसभर आडव्या येतात. पाट, चूल, भारतीय संडास, पडवीतला बुटका बाक. खुर्ची उंच करा, संडासात कमोडची खुर्ची ठेवा, गणपतीत पूजेला दुसऱ्या कोणाला तरी बसवा. एसटी शक्यतो टाळा. तिची पहिली पायरी गुडघ्याएवढी असते.

काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

पोटरी सुजून दुखत असेल, ताप आला, टाक्यांतून पाणी येत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, थेट इस्पितळात जा.

लंगडणं गेल्याशिवाय धावणं नाही

चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो. हळू धावताना तो चार-पाचपट होतो. ७० किलोच्या माणसाचे चालतानाचे पावणेदोनशे किलो धावताना तीनशेच्या वर जातात. त्यामुळे ‘चालायला काही त्रास नाही’ हा धावण्याचा दाखला होत नाही.

घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर पाठीमागून तुमचं चालणं टिपायला सांगा. हाफपँटचा कमरेचा पट्टा बघा. ऑपरेशनच्या पायावर भार आला की दुसऱ्या बाजूला पट्टा खाली झुकतो का? किंवा तो झुकू नये म्हणून तुम्ही धडच त्या पायाकडे कलवता का? दोन्हींचा अर्थ एकच: कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू अजून कमजोर आहे. हे लंगडणं स्वतःला कळत नाही, कारण ऑपरेशनच्या आधी वर्ष-दोन वर्षं आपण तसेच चालत असतो.

त्याला उपाय व्यायामाचाच, आणि तो कंटाळवाणा आहे. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं, मग पायरी. जांभ्याच्या पायऱ्या बहुतेक घरांपुढे असतात. त्यातली एक बुटकी, न डुगडुगणारी पायरी निवडा. ऑपरेशनचा पाय पायरीवर, दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकवा आणि तितक्याच हळू वर या. वरच्या पायाचा गुडघा आत कोसळता कामा नये. खांब जवळ असू द्या, पण त्याला लोंबकळू नका. हे आठवड्यातून तीनदा, आणि धावायला लागल्यावरही चालू. धावायला लागलं की लोक पहिल्यांदा हेच सोडतात.

धावायची तयारी झाली असं मी केव्हा म्हणतो? पाऊण तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी दुखत नाही. ऑपरेशनच्या पायावर अर्धा मिनिट, कंबर सरळ ठेवून उभं राहता येतं. पायरीचा व्यायाम दहा वेळा दोन्ही पायांनी सारखा होतो. आणि शेवटी, डॉक्टरांची परवानगी असेल तरच, त्या पायावर जागच्या जागी छोट्या उड्या न दुखता मारता येतात.

पुळणीवर कुठे आणि कधी

पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या रेतीवर, धावणं सांध्याला मऊ पडतं, असं सगळेच सांगतात. अर्धं खरं आहे. कोरड्या भुसभुशीत रेतीत पाय रुततो, धावायला दीडपटीहून जास्त शक्ती लागते आणि जांघेतल्या, कुल्ल्यावरच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला पाय उपसून काढावा लागतो. ओली रेती घट्ट असते, पण बऱ्याच किनाऱ्यांना ती पाण्याकडे उतरती असते. मग एक पाय सतत वर, एक खाली, आणि कंबर तिरकी. परत येताना पाय बदलतात खरे, पण तोवर एका बाजूचा खुबा पुरता चिडलेला असतो. गणपतीपुळ्याची उतरती पुळण म्हणूनच पहिल्या महिन्यांत नको. दापोलीकडची कर्दे-मुरुडची पुळण ओहोटीला रुंद, सपाट आणि घट्ट मिळते.

ओहोटीची वेळ कळायला तिथी पुरते. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते, आणि तिच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि पहाटे सव्वापाचला ओहोटी. त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी लांबपर्यंत जातं. प्रतिपदेला ओहोटी पावणेसातच्या सुमारास, द्वितीयेला साडेसात. सकाळी धावणाऱ्याला हे दिवस सोन्यासारखे. अष्टमीला उलट: सकाळी सहालाच भरती, भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक थोडा, धावायला उरते ती वरची मऊ रेती. त्या दिवशी शाळेचं मैदान बरं. गावागावात वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून एकदा कोळ्यांना विचारून घ्या.

रस्त्याचंही असंच. समोरची गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेने धावलं की उतारामुळे उजवा पाय खाली पडत राहतो. ऑपरेशन कोणत्या बाजूचं आहे ते लक्षात ठेवून सपाट तुकडा शोधा. सड्यावरचे, म्हणजे डोंगरावरच्या सपाट पठारावरचे, रस्ते त्यातल्या त्यात सरळ. घाटीचा उतार सगळ्यात शेवटी, कारण उतरताना दणका जास्त बसतो.

पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि सांधा बदललेल्याने घसरून पडणं परवडत नाही. जून ते सप्टेंबर जिममधला ट्रेडमिल, नाहीतर पडवीतले व्यायाम आणि चालणं.

पहिले धावणे

दहा मिनिटं चाला. मग १ मिनिट धावणं, ४ मिनिटं चालणं, असं पाच वेळा. पावलं छोटी आणि भरभर. लांब ढांग टाकली की दणका वाढतो. बोलता आलं पाहिजे इतकाच वेग. एक दिवस धावणं, एक दिवस सुट्टी. आठवडाभर त्रास नाही तर २ मिनिटं धावणं आणि ३ चालणं, पुढे ३ आणि २. सलग वीस मिनिटं धावायला दोन-अडीच महिने लागले तर लागू द्या. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर, चढ त्याच्याही नंतर. तिन्ही एका आठवड्यात नकोत.

दुखणं दहापैकी दोन-तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं असेल तर ठीक. सकाळी पहिलं पाऊल टाकताना लंगडत असाल तर कालचं जास्त झालं. दोन दिवस थांबून आधीच्या पायरीवर या. कुल्ल्यातली स्नायूंची ठणक चालते. जांघेत खोल दुखणं, सांध्यात अडकल्यासारखं होणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, सांधा बदललेल्यांना मांडीत नव्याने सुरू झालेलं दुखणं: यातलं काहीही आलं की धावणं बंद आणि डॉक्टरांकडे.

एक विचारायचं लोक विसरतात. शिमग्याला पालखी नाचवणं. खांद्यावर ओझं, गर्दीत धक्के आणि पायावर गिरकी. खुब्याला हे सरळ धावण्यापेक्षा कितीतरी जड जातं. धावायची परवानगी मिळाली म्हणून पालखीचीही मिळाली असं धरू नका, वेगळं विचारा.

सांधा बदललेल्यांनी त्रास नसला तरी ठरलेल्या तपासणीला जायचं आणि आपण आठवड्यातून किती धावतो ते सांगायचं. झीज आणि सैलपणा दुखायला लागण्याआधी एक्स-रेत दिसू शकतो, म्हणून जुने एक्स-रेही सोबत न्या.