गाय लंगडण्याआधीच खुरं बघा
गाय लंगडायला लागते तोवर खुराची संसर्गजन्य जखम बरीच जुनी झालेली असते. म्हणून धारेला उभी असतानाच बघा.

१. मागच्या पायांवर पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा नको, शिंतोडे सडांवर उडतात.
२. मागून टॉर्च मारून टाचेमागची खाच आणि खुरांची बेचकी बघा. काठीला छोटा आरसा बांधला की वाकावंही लागत नाही.
३. नाण्याएवढा लालभडक, ओलसर चट्टा दिसला, पाणी लागताच गायीने पाय झटकला, की लगेच पशुवैद्यकांना दाखवा.

विकत आणलेली गाय तर तपासल्याशिवाय कळपात सोडूच नका. हा आजार बरेचदा तिच्याबरोबरच गोठ्यात येतो.

खुरं कापायची सुरी मात्र प्रत्येक गायीनंतर धुऊन जंतुनाशकात बुडवा.