डेव्हलपर टूल्स कुठे ठेवायची: रेपोच्या आत की बाहेर?

कोथरूडमध्ये आमचा छोटा गट सुट्टीच्या दिवशी जमतो आणि मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी हनस्पेल या स्पेलचेकरचा शब्दकोश तयार करतो. प्रकल्प तसा दोन फाइलींचा: शब्दांची डिक फाइल आणि प्रत्ययांच्या नियमांची अफ फाइल. पण त्यांच्याभोवती तपासणाऱ्या, निवडणाऱ्या, पॅकेज बांधणाऱ्या स्क्रिप्टचा गोतावळा जमतोच. सबमिशनं आटोपली की इंजिनिअरिंगची मुलं मदतीला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "दादा, आधी काय रन करायचं?" रेपो (गिटने सांभाळलेल्या प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास) क्लोन केल्याकेल्या, म्हणजे आपल्या संगणकावर उतरवल्याउतरवल्या, त्यांना याचं उत्तर सापडलं पाहिजे. टूल्सची जागा ठरवताना मी हीच गोष्ट सगळ्यात वर ठेवतो.

आधी यादी करा. फक्त रेपोतल्या फाइली पाहू नका. जिच्याशिवाय रिलीज निघत नाही अशी एखादी स्क्रिप्ट कुणाच्या तरी लॅपटॉपवर पडलेली असते, तीही यादीत घ्या. प्रत्येक टूलपुढे लिहा: ते कोण चालवतं, त्याला काय काय इन्स्टॉल करावं लागतं, आणि मुख्य प्रकल्प बदलला की ते मोडतं का.

मग शेवटच्या प्रश्नावर वेळ घालवा, कारण निर्णय तिथेच होतो. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक, ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त. दुसरा, साधा र (यू+०९३०), हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. कोशात एकच रूप असेल, तर दुसऱ्या पद्धतीने टाइप करणाऱ्याच्या बरोबर शब्दाखालीही लाल रेघ उमटते. त्यावर उपाय म्हणजे कोशात एकच रूप ठेवायचं आणि दुसरं अफ फाइलमधल्या 'आयकॉन्व्ह' नियमाने त्याच्याकडे वळवायचं. कोशात चुकून दुसरं रूप शिरलंय का, हे पाहणारी स्क्रिप्ट या नियमाशी बांधलेली असते. नियम बदलला की स्क्रिप्ट त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) बदलायला हवी. अशा स्क्रिप्टची जागा रेपोच्या आतच.

याउलट, मजकुरातून शब्दांची वारंवारता काढणाऱ्या स्क्रिप्टला आमच्या फाइलींचा पत्ताही नसतो. ती कुठल्याही मराठी प्रकल्पाला चालेल, म्हणून ती बाहेर जाऊ शकते.

अंदाजावर जायचं नसेल तर इतिहास पाहा. बदलांचा इतिहास दाखवणाऱ्या 'गिट लॉग'ला स्क्रिप्टचा पाथ आणि सोबत 'स्टॅट' व 'फुल-डिफ' हे पर्याय द्या. स्क्रिप्ट बदलली त्या कमिटमध्ये आणखी कोणत्या फाइली बदलल्या, ते दिसतं. मुख्य कोडच्याच फाइली पुन्हा पुन्हा दिसल्या, तर ती स्क्रिप्ट हलवू नका.

मोठ्या प्रकल्पांतही हीच विभागणी दिसते. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पाठवलेले बदल (पॅच) तपासणारं 'चेकपॅच' हे 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्ये आहे. 'पर्फ' हे कामगिरी मोजणारं, वापरकर्त्याने चालवायचं टूल असूनही २००९ पासून कर्नलच्याच रेपोत राहतं. सी कोडमधल्या चुका शोधणारा 'स्पार्स' हा विश्लेषक मात्र स्वतंत्र आहे. पण तो बोलवायची सोय कर्नलच्या मेकफाइलमध्ये (कोड बांधायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) आहे: 'मेक सी=१' म्हटलं की झालं. ही रीत मला फार पटते. टूल बाहेर राहिलं तरी ते चालवायची आज्ञा आत हवी. सीपायथॉनमध्ये, म्हणजे पायथॉनच्या मूळ अंमलबजावणीत, सी कोड तयार करून देणारं 'आर्ग्युमेंट क्लिनिक' आत आहे, तर बदलांच्या नोंदी लिहिणारं 'ब्लर्ब' वेगळ्या रेपोत.

फोल्डरच्या नावावरून वाद घालत बसू नका. 'स्क्रिप्ट्स' किंवा 'टूल्स', एक निवडा. 'कॉन्ट्रिब' मात्र जपून वापरा. ज्याची हमी मुख्य गट घेत नाही, तेच तिथे ठेवायचं अशी अनेक प्रकल्पांत प्रथा आहे.

दुसऱ्यांनी लिहिलेली टूल्स रेपोत कॉपी करू नका. फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारा), लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारा) वगैरेंची आवृत्ती नोंदवून ठेवा. पायथॉनमध्ये त्यासाठी पायप्रोजेक्ट फाइलमधले डिपेंडन्सी ग्रुप आहेत, नोडमध्ये 'डेव्ह डिपेंडन्सीज', आणि गो १.२४ पासून मॉड फाइलमध्येच टूल नोंदवता येतं. गिट सबमॉड्यूल (एका रेपोत दुसरा जोडायची सोय) मी शक्यतो टाळतो. नुसतं क्लोन केलं की ते फोल्डर रिकामं येतं आणि नवा माणूस तिथेच अडतो. गिट हुकही (कमिटसारख्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) क्लोनसोबत येत नाहीत. ते रेपोतल्या साध्या फोल्डरमध्ये ठेवा आणि 'कोर.हुक्सपाथ' सेट करायची ओळ कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये लिहा.

रिलीजच्या पॅकेजमध्ये काय जाणार, ते वेगळं ठरवा. जे वगळायचं ते हाताने न काढता गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये 'एक्सपोर्ट-इग्नोर' लिहून वगळा. म्हणजे कुणीही रेपोतून पॅकेज बांधणारं 'गिट आर्काइव्ह' चालवून तुमचं पॅकेज ताडून पाहू शकेल. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या टूलच्या प्रकरणात ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये (रिलीजच्या पॅकेजमध्ये) बिल्डची, म्हणजे प्रोग्रॅम बांधण्याची, एक घातक फाइल होती, जी गिट रेपोत नव्हतीच. त्यामुळे ही काळजी वायफळ नाही. बिल्डला लागणाऱ्या स्क्रिप्ट मात्र वगळू नका. जीपीएल या मुक्त परवान्याच्या लेखी त्या सोर्सचाच भाग आहेत.

बाहेर काढायचंच ठरलं, तर नवं क्लोन घेऊन त्यात इतिहास गाळणारं 'गिट फिल्टर-रेपो' चालवा आणि 'सबडिरेक्टरी-फिल्टर'ने तेवढंच फोल्डर वेगळं करा. इतिहासासकट येतं, म्हणजे ज्यांनी ते लिहिलं त्यांची नावं टिकतात. परवान्याची फाइल सोबत न्या, कारण ती सहसा रेपोच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये असते आणि या गाळणीत मागे राहते. जुन्या फोल्डरमध्ये नव्या पत्त्याची रीडमी पुढच्या रिलीजपर्यंत राहू द्या. आणि नव्या रेपोचे अधिकार एकाच विद्यार्थ्याकडे सोपवू नका. उद्या तो हिंजवडीत नोकरीला लागला की त्याला वेळ मिळेलच असं नाही. दोघांकडे तरी द्या, त्यातला एक मुख्य प्रकल्पातला असू दे.