उन्हाळ्यात डोंगरावर मुक्कामाला जाताना
मी पहाटे पाचलाच चालायला लागते. उन्हाळ्यात डोंगरावर दुपारनंतर अनेकदा ढग भरून येतात, विजा कडाडतात. तोवर उघड्या माथ्यावरून खाली उतरलेलं असावं.

तंबूची जागा मात्र अजिबात घाई न करता निवडा. कोरड्या ओढ्यात कधीच नको; पाऊस लांब वर पडला तरी लोंढा तिथेच येतो. खोलगट जागाही टाळा, रात्री गार हवा तिथे साचते. जागा ठरली की मी आधी जमिनीवर पाठ टेकून पाहते. बोराएवढा एक खडासुद्धा रात्रभर झोपू देत नाही.

दर १००० मीटर चढलं की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, म्हणून उन्हाळा असला तरी लोकरीची टोपी घ्याच. झऱ्याचं पाणी १ मिनिट खळखळून उकळा, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं.