जुना अल्बम आणि लग्नाची सीडी मोबाइलमध्ये कशी उतरवावी

लग्नाचा अल्बम, शूटिंगची सीडी, आजोबांचा एकुलता एक फोटो. आपल्याकडे खेड्यात हा सगळा ऐवज लोखंडी पेटीत नाहीतर भिंतीवरच्या फ्रेममध्ये असतो. अकोला-चंद्रपूरकडचा ४५ अंशांचा उन्हाळा, त्यामागून येणारी पावसाळी ओल आणि बाराही महिने वाळवी. यात कागदही जातो आणि चकतीही. हे सगळं वाचवायला शहरातल्या स्टुडिओत जायची गरज नाही. साधा स्मार्टफोन, कुणाचा तरी लॅपटॉप आणि दोन-तीन मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. एक मात्र पाळा: आधी जसं आहे तसं उतरवून ठेवायचं, सुधारणा नंतर. बरेच जण फोटो काढला की लगेच फिल्टर मारतात आणि मूळ प्रत हातातून जाते.

सुरुवात सीडीपासून

फोटो आणखी काही वर्षं तग धरेल, चकतीचा भरवसा नाही. शिवाय ती चालवणारं यंत्रच आता घरात उरलेलं नाही. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर लागतो. तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये किंवा झेरॉक्सच्या दुकानात विचारून पाहा. नाहीतर चार घरांनी मिळून एक घ्या, काम झालं की पुढच्या घरी द्या.

चकती पुसताना मऊ सुती कापड मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ ओढा, गोल फिरवू नका. मग आतलं सगळंच्या सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करा. व्हिडिओ सीडी असेल तर आत डॅट प्रकारची मोठी फाइल सापडेल; ती व्हीएलसी प्लेयरमध्ये चालते. डीव्हीडी असेल तर एकेक जीबीपर्यंतच्या व्हीओबी फाइलींचं एक फोल्डर असतं. हे फोल्डर म्हणजे तुमची मूळ प्रत, ते पुसू नका.

पुढचं काम, म्हणजे मोबाइलमध्ये चालेल अशी फाइल बनवणं, हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरचं. त्यात ते डीव्हीडीचं फोल्डर उघडा, टायटलच्या यादीतून सर्वांत लांबीचं निवडा, ५७६पी आकाराचा प्रीसेट (आधीच ठरवून दिलेली सेटिंग) घ्या आणि स्टार्ट दाबा. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं असतं. १०८०पी निवडलं म्हणून ते जास्त स्पष्ट दिसत नाही, फाइल तेवढी फुगते. वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांभोवती कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर फिल्टरमध्ये जाऊन डीइंटरलेस सुरू करा, रेघा जातात. तासा-दोन तासांच्या शूटिंगला वेळ लागतो, म्हणून लोडशेडिंगची वेळ बघूनच बसा. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर अर्धवट फाइल बहुधा उघडतच नाही आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

कागदावरच्या फोटोचा फोटो

इथे सॉफ्टवेअरपेक्षा उजेड महत्त्वाचा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ओसरीत, दाराजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवा. फ्लॅश बंद. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड (पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेघा) सुरू करा, म्हणजे कडा सरळ धरता येतात. मोबाइल अगदी जवळ नेला तर कडा फुगतात. हातभर वर धरून दोन पट झूम करा. लेन्स आधी पुसा. शेतातून आलेल्या मोबाइलच्या लेन्सवर धूळ आणि घामाचा थर असतोच, आणि त्यामुळे सगळे फोटो धुरकट येतात.

चकचकीत कागदावर उजेडाचा डाग पडत असेल तर गूगलचं फोटोस्कॅन ॲप वापरा. ते आधी एक फोटो घेतं, मग चार कोपऱ्यांच्या ठिपक्यांवर मोबाइल न्यायला सांगतं आणि सगळे जोडून चकाकी काढून टाकतं. साध्या, खरखरीत कागदाला मात्र मोबाइलचा नेहमीचा कॅमेराच बरा, बारकावे जास्त येतात.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. चेहऱ्याचा रंग काचेवर राहतो आणि मग काहीच करता येत नाही. काच कोरड्या कापडाने पुसा, फ्रेम खिडकीला आडवी धरा, अंगात गडद रंगाचा सदरा घाला आणि काचेवरूनच फोटो घ्या. पांढरा सदरा काचेत उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो सुटत नसेल तर शिवणाचा दोरा कोपऱ्यातून आत सरकवून हळूहळू पुढे न्या. पाणी अजिबात लावू नका.

फोटोची मागची बाजूही टिपा. स्टुडिओचा शिक्का, गाव, तारीख, कधी कुणाच्या हातची दोन ओळींची नोंद तिथेच असते.

दुरुस्ती करा, चेहरा बदलू नका

मोबाइलवर स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं ॲप पुरेसं आहे. मोफत आहे आणि जाहिरातींचा त्रास नाही. क्रम असा ठेवा: पर्स्पेक्टिव्हने कडा सरळ, क्रॉपने बाजूचं काढून टाकणं, मग व्हाइट बॅलन्सने रंग ठीक करणं. जुने रंगीत फोटो बऱ्याचदा लालसर होतात, कारण कागदातला निळसर रंग आधी उडतो. व्हाइट बॅलन्समधलं ड्रॉपर आजोबांच्या टोपीवर किंवा धोतरावर ठेवा. मूळची पांढरी जागा सापडली की बाकीचे रंग बरेचसे ताळ्यावर येतात. शेवटी ओरखडे आणि बुरशीचे ठिपके हीलिंगने काढा. दोन बोटांनी फोटो मोठा करून एकेक ठिपका घ्या, लांब फटकारे मारू नका.

आणि इथेच जपा. आजीच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण सॉफ्टवेअरला डाग वाटतं. चेहरा आपोआप गुळगुळीत करणारी ॲप ते पुसून टाकतात, सुरकुत्या काढतात, अंधुक डोळ्यांच्या जागी भलतेच टपोरे डोळे बसवतात. फोटो देखणा होतो, पण त्यातली बाई आपली आजी राहत नाही. फ्रेमसाठी अशी प्रत करायचीच असेल तर वेगळी करा, नावातच ‘सुधारित’ लिहा आणि मूळ फोटोच्या फोल्डरमध्ये मिसळू देऊ नका. नाहीतर नातवंडांना उद्या तोच खरा चेहरा वाटेल.

नावं आत्ताच विचारा

फोटो मोबाइलमध्ये आले की घरातल्या मोठ्यांना एकेक दाखवा आणि शेजारी दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा. ‘ही कोण वं मावशी?’ एवढं विचारलं तरी नाव, माहेर, कुणाची सोयरीक कुठे झाली, हे सगळं निघतं. पंखा मात्र बंद ठेवा, त्याची घरघर आवाजावर चढते. हाच आवाज फोटोंखाली लावून इनशॉटसारख्या ॲपमध्ये छोटा व्हिडिओ करता येतो. फोटोमागे ठरावीक सेकंद न देता बोलणं जितकं लांब तितका वेळ फोटो ठेवा. गाणं घातलंच तर बोलण्याखाली अगदी हळू. मला विचाराल तर गाणं नसलेलंच बरं.

फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, जसं ‘१९८७-लग्न-वडील-आर्वी’. वर्ष नक्की ठाऊक नसेल तर ‘१९८०-च्या-सुमारास’ लिहा.

पाठवणं आणि ठेवणं

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसून जातो. अटॅचमधून ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवा, म्हणजे समोरच्याला मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात, आणि त्याच जागेत ईमेलही असतात. म्हणून तिथे निवडक फोटो टाका, मोठे व्हिडिओ हार्ड डिस्कवर ठेवा. एकाच पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. एक प्रत घरी आणि दुसरी नागपूर-पुण्याला असलेल्या मुलीकडे किंवा भावाकडे असू द्या. दिवाळीला सगळे गावी आले की दोन्ही प्रती लावून फाइली उघडतात का ते बघा, आणि एखादी उघडली नाही तर दुसऱ्या प्रतीवरून लगेच कॉपी करून घ्या.