घरशाळा सुरू करताय? आधी चार गोष्टी ऐका

रविवारी चर्चमधली उपासना सुटली की मंडळीच्या अंगणात कुणी ना कुणी मला बाजूला घेतं आणि आवाज खाली करून विचारतं, "ताई, मुलाला शाळेतून काढलं तर चालतं का हो?" विचारणारी बहुतेक वेळा तरुण आई असते, मूल पहिली-दुसरीतलं, आणि कारण ठरलेलं: शाळेतलं वातावरण. आम्ही भुसावळला राहतो. नवरा रेल्वेत आहे, मुलगी घरी शिकून एनआयओएस या मुक्त शाळेतून दहावी झाली, मुलगा बारा वर्षांचा आहे. हा एकाच घराचा अनुभव आहे, तेवढाच धरून वाचा.

आधी कारणाचं बोलू. आपल्या ख्रिस्ती लोकांत घरशाळेचा विषय निघाला की बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडला जातो. देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवा. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोला. यातलं 'घरी बसलेले असताना' सगळ्यांना पाठ असतं. 'वाटेने चालताना' मात्र गाळूनच वाचलं जातं. मूल बिघडू नये म्हणून त्याला घरात ठेवायचं असेल तर माझा सल्ला सरळ आहे: राहू द्या शाळेत. मोबाईल घरातही असतो, आणि भांडणं, खोटेपणा, आळस यांना घराचा पत्ता शाळेइतकाच ठाऊक असतो. मुलाला बाहेर नेऊन जग दाखवायला तुमच्याकडे रोजचा वेळ असेल, तरच या भानगडीत पडा.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात घरशाळेला परवानगी देणारं कलम नाही आणि ती बंद करणारंही नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम १० प्रमाणे पालकाचं कर्तव्य आहे, पण न घातल्याबद्दल पालकाला शिक्षा ठेवलेली नाही. म्हणजे तुम्ही मधल्या जागेत उभे आहात, हे समजून उभे राहा. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी दारात येतात तेव्हा वाद घालू नका. त्यांना बसवा, चहा द्या, मुलाच्या वह्या पुढ्यात ठेवा. आमच्याकडे आलेल्या बाईंनी मुलाला अपूर्णांकाचं एक गणित घातलं, त्याने सोडवलं, आणि त्या वही चाळत बसल्या. त्यांना रकाना भरायचा असतो. तो काय भरायचा ते त्यांचं त्या ठरवतात.

कागदपत्रं मात्र पहिल्या दिवशीच हातात घ्या. शाळेत एकदा नाव घातलं असेल तर काढताना शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या आणि जपा. बोर्डाचा फॉर्म १७, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, भरायची वेळ आली किंवा जातीच्या पडताळणीचा प्रश्न आला, की तोच शोधावा लागतो. आपल्या लोकांची आणखी एक अडचण म्हणजे नावं. जन्माच्या दाखल्यावर सॅम्युअल, आधारवर शमुवेल आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी, अशी पोरं मी पाहिली आहेत. दहावीच्या अर्जावर जे स्पेलिंग जाईल ते जन्मभर पुरतं, म्हणून हे आधी एकसारखं करून घ्या.

परीक्षेचं बघा. एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा, १९८९ पासूनची. दहावीला वय किमान चौदा लागतं. विषय पाच, त्यात एक तरी भाषा. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. मराठी माध्यम आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीतच नसतं. वीस टक्के गुण टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांचे असतात, ते हलके घेऊ नका. आमच्या मुलीने दोन विषय आधी देऊन टाकले आणि उरलेले नंतर. सगळे एकदम देण्याची सक्ती नाही, हाच या पद्धतीचा मोठा फायदा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. एनआयओएसचा एप्रिल-मेचा निकाल राज्य मंडळाच्या निकालानंतर लागतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत आणि ते राज्य मंडळाच्या निकालाला धरून सुरू होतात. तुमचं मूल हातात गुणपत्रिका नसताना पहिल्या फेरीकडे बघत बसतं. म्हणून शेवटचे विषय ऑक्टोबरच्या परीक्षेत काढून टाका आणि उन्हाळा मोकळा ठेवा. शिष्यवृत्ती परीक्षा, एनएमएमएस ही आठवीची केंद्राची शिष्यवृत्ती वगैरे शाळेमार्फतच असतात. त्यांवर पाणी सोडावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

आता अभ्यासक्रम. घरशाळा करणारे ख्रिस्ती पालक बरेचदा अमेरिकेतले संच मागवतात. पुस्तकं देखणी, पानोपानी वचन, किंमत मात्र कापसाच्या भावात भागणारी नाही. त्यात गणितं डॉलरची, लांबी फुटात, तापमान फॅरनहाइटमध्ये. भुसावळच्या मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा पोराने ११३ लिहायचा का? इतिहासात त्यांचे पिल्ग्रिम लोक, म्हणजे इंग्लंडहून तिकडे जाऊन वसलेले. शिवाजी महाराज आणि जोतीराव फुले कुठेच नाहीत. परीक्षा मात्र इथली. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, 'किशोर'चे जुने अंक तिथेच वाचायला मिळतात. तेवढ्यावर आमचं काम भागलं. वचन पानावर छापलेलं नसलं तर आई-बापाने तोंडाने सांगावं.

ते कसं, तर सावदा या केळीच्या गावचं सांगते. मुलगा मामाबरोबर केळी भरताना बघायला गेला होता. घड कापून आणलेले, माणसं फण्या वेगळ्या करतायत, वजन चाललंय. बोर्डाचा भाव, म्हणजे बाजार समितीने त्या दिवशी जाहीर केलेला, मामाने सकाळी फोनवर पाहिला होता. व्यापाऱ्याने माल बघून त्याहून कमी सांगितला आणि मामाने मान डोलावली. घरी येताना पोराने विचारलं, "बोर्डावर एक भाव आणि मामाला दुसरा, असं का?" शेकडेवारीचा धडा तिथेच सुरू झाला. बोर्डाचा भाव, हातात पडलेला भाव, फरक किती टक्के. त्यातून खत, ठिबक, मजुरी वजा जाता शिल्लक किती. वहीची दोन पानं भरली. त्या रात्रीच्या प्रार्थनेत नीतिसूत्रातलं खोट्या तागडीचं वचन त्याने स्वतः काढलं, आमोस संदेष्ट्याचं मी जोडलं. मग तो म्हणाला, "पण व्यापाऱ्याची तागडी तर खरी होती, भावच खोटा होता." मला उत्तर सुचलं नाही, त्याच्या बाबांनी बाजार समिती म्हणजे काय ते सांगायला घेतलं आणि जेवण थंड झालं. श्रद्धेसाठी वेळापत्रकात तास ठेवला असता तर हा प्रश्न त्या तासाला आला नसता.

विज्ञानात उत्क्रांतीचं काय करता, हे आपले लोक पाळकसाहेबांच्या माघारी विचारतात. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांती हा आहे. एनसीईआरटीने आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली आणि २०२३ मध्ये त्यावर देशभर वाद झाला, तेव्हा आपल्यातल्या काहींना बरं वाटलं होतं. मला नाही वाटलं. देवाने जग केलं यावर माझा विश्वास आहे, आणि त्याने ते कसं केलं हे खडकांत आणि पेशींत शोधणाऱ्या माणसाच्या कामाला घाबरावं इतका तो विश्वास लेचापेचा नाही. मुलीने आमच्याकडे तो पाठ पूर्ण शिकला, अवशेषांगांची आणि जीवाश्मांची उदाहरणं पाठ केली, आणि बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्यायही वाचला. तिला पडलेल्या प्रश्नांपैकी काही अजून तिच्याजवळच आहेत. घाईने उत्तर चिकटवू नका. पुढे कॉलेजात कुणीतरी ते उचकटणारच आहे.

बाहेर नेण्यासारख्या जागांचा खान्देशात तोटा नाही. हतनूर धरणाचे दरवाजे, दीपनगरचं वीज केंद्र, भुसावळचं यार्ड; सगळं हाताच्या अंतरावर. पण मला विशेष सांगायचंय ते चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, तिथल्या राजाने त्याला जमीन-उत्पन्न लावून दिलं, आणि ते सांगणारा शिलालेख शके ११२८ चा आहे. मुलाने शकात ७८ मिळवून १२०६ काढलं. मग त्याला कळेना की गणित शिकवायला राजाने देणगी का द्यावी. आठशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात गणिताची शाळा होती, हे त्याला कुठल्याही आयात पुस्तकातून मिळालं नसतं.

तिथून आल्यावर मंडळीतल्या एका मावशींनी विचारलंच, "देवीच्या ठिकाणी पोरांना कशाला नेलं गं?" बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत पौल अथेन्समध्ये फिरून तिथली पूजास्थानं निरखून बघतो आणि मग त्या लोकांशी त्यांच्याच कवींची वचनं घेऊन बोलतो. मी मावशींना तेवढंच म्हटलं. पटलं की नाही माहीत नाही. पुढच्या रविवारी त्यांनी मुलाला गोड शेव आणून दिली.

बातम्यांचा भाग नाजूक आहे, पण टाळू नका. सकाळी पेपर आमच्याकडे मोठ्याने वाचला जातो. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, बदलला, आणि जूनअखेर मागे घेतला गेला. तेव्हा मुलीने दोन्ही बाजूंचे मुद्दे वहीत लिहून काढले. आमच्या रेल्वे कॉलनीत पोरं क्रिकेट खेळता खेळता हिंदी शिकतात, आजीशी अहिराणी बोलतात आणि वहीत मराठी लिहितात, त्यामुळे तिचं मत दोन्ही गटांशी जुळलं नाही. जुळलंच पाहिजे असं काही नाही.

धर्मांतराची बातमी आली की मात्र घरात हवा बदलते. मैदानावर कुणीतरी मुलाला म्हणालं, "तुम्ही तांदळाच्या पोत्यासाठी ख्रिस्ती झाले." तो रडत आला नाही, चिडून आला. त्याच्या आजोबांचे आजोबा १८९९-१९०० च्या, जुनी माणसं ज्याला छप्पन्या दुष्काळ म्हणत, त्या दुष्काळातलं पोर. मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. म्हणून आम्ही त्याला सांगितलं, हो, भूक होती आणि अन्न मिळालं. त्यात लाज कसली. मग संविधानातलं कलम २५ वाचलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या यादीतून बाहेर जातो, शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये आत आले, आदिवासींच्या यादीला मात्र धर्माची अट नाही, हेही वाचलं. नवापूरकडच्या आपल्या नातेवाइकांच्या घरी डी-लिस्टिंगचा, म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा या मागणीचा, विषय का निघतो, ते त्याला तेव्हा उमगलं. आणि दुसरी बाजूही. आपल्या मंडळीच्या व्हॉट्सॲपवर कुठल्या कुठल्या चर्चवरच्या हल्ल्याचे व्हिडिओ फिरतात, त्यातले काही जुने, काही भलत्याच देशातले. ते कुठले, कधीचे हे शोधणं हा मुलीचा अभ्यास. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फॉरवर्डलाही लागू आहे असं मी म्हणते, त्यावर गटातल्या दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलंय.

शेजारपाजारचं सांगायचं तर, "शाळामा जास नही का रे?" हे पोराला दळण आणायला गेल्यावरही ऐकावं लागतं. त्याला एक ओळीचं उत्तर शिकवून ठेवा आणि विषय बदलायला शिकवा. मित्र मात्र मिळवावे लागतात, आपोआप मिळत नाहीत. संध्याकाळचं मैदान, तालमीतली कुस्ती, रविवार शाळा, वाचनालय. यातलं निदान एक रोज पाहिजे, आणि त्यात आपल्या धर्माबाहेरची मुलं असलीच पाहिजेत.

रोजच्या वेळापत्रकावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. सकाळी तीन तास नेटाने बसलं तर प्राथमिकला पुरतं. आईला नोकरी असेल आणि घरात दुसरं मोठं माणूस नसेल, तर हे जमणार नाही, हे आधीच सांगते.

आता मुलगा म्हणतो, मला आठवीला शाळेत जायचंय, कबड्डीचा संघ आहे म्हणून. जाऊ दे. मध्येच शाळेत घालायला कायदा आडवा येत नाही: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून कलम १४ प्रमाणे नाकारता येत नाही. अर्जात 'वयानुरूप प्रवेश' हे शब्द स्पष्ट लिहा, अर्जाची पोच घ्या, आणि मुख्याध्यापकांनी तोंडी नाही म्हटलं तर लेखी मागा.