अमेरिकेत आदानप्रदान कार्यक्रमासाठी येणाऱ्या विद्यार्थी प्रतिनिधींना

विद्यार्थी नेतृत्वाच्या आदानप्रदान कार्यक्रमांत निवड होऊन आपली मुले-मुली दरवर्षी अमेरिकेत येतात. कोणी पाच-सहा आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासवर्गासाठी येते, तर कोणी एका सत्रासाठी किंवा पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी. निवडीची चाळणी कडक असल्यामुळे येणारे हुशार असतात यात शंका नाही; तरीही त्याच त्या अडचणींत नवे नवे चेहरे सापडताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. सामानात काय आणावे आणि फोनची सोय कशी करावी हे कार्यक्रमाचे आयोजक नीट सांगतात, त्यामुळे ते येथे सांगत नाही.

सर्वांत आधी डीएस-२०१९ हा कागद शांतपणे वाचा. आदानप्रदान कार्यक्रमांसाठीचा जे-१ व्हिसा याच कागदाच्या आधारे मिळतो, पण बहुतेक जण त्यावरील नाव आणि तारखा तपासून तो फाइलमध्ये ठेवून देतात. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात दोन वर्षांच्या अटीसंबंधी नोंद असते. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याच्या २१२(ई) या कलमानुसार, तुमच्या कार्यक्रमाचा खर्च अंशतः जरी अमेरिकी सरकारने किंवा आपल्या सरकारने केला असेल, तर मायदेशात एकूण दोन वर्षे प्रत्यक्ष राहिल्याशिवाय तुम्हाला नोकरीचा एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळू शकत नाही. कार्यक्रम पाच आठवड्यांचा होता की वर्षाचा, याने काही फरक पडत नाही. पुढे एफ-१ व्हिसावर शिकायला येता येते. मात्र ही अट त्यामुळे संपत नाही, ती नोकरीच्या वेळी पुन्हा समोर उभी राहते. मी पाहिलेल्या प्रकरणांत सर्वांत जास्त नुकसान याच ठिकाणी झाले आहे: पदव्युत्तर शिक्षण पूर्ण झालेले, नोकरी हातात आलेली आणि कंपनीचा वकील विचारतो की पूर्वी कधी जे-१ वर आला होता का.

येथे आपल्याच माणसांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. सरकारी निधी नसला तरी, ज्या कौशल्यांची मायदेशाला गरज आहे त्या क्षेत्रांत येणाऱ्यांनाही ही अट लागते; अशा देशांची आणि कौशल्यांची अमेरिकेने केलेली यादी म्हणजे कौशल्य-यादी. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने ती सुधारली आणि भारत त्या यादीतून वगळला गेला. तेव्हापासून ‘आता भारतीयांना दोन वर्षांची अट राहिली नाही’ असे आपले जुने रहिवासी नव्यांना आत्मविश्वासाने सांगतात. हे अर्धसत्य आहे. केवळ यादीमुळे ज्यांना अट लागत होती ते सुटले. सरकारी निधीवर आलेल्यांची अट जशीच्या तशी आहे, आणि विद्यार्थी नेत्यांचे बरेच कार्यक्रम सरकारी निधीवरच चालतात. सूट मागण्याचे मार्ग कायद्यात आहेत. पण अमेरिकी सरकारच्या पैशावर आलेल्याला ती मिळणे फार कठीण असते. म्हणून निघण्यापूर्वीच आयोजकांना लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा आणि पुढच्या दहा वर्षांचा विचार करूनच कार्यक्रम स्वीकारा. अट असली म्हणून कार्यक्रम नाकारावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. परतून काम करणारी माणसे घडावीत हाच त्या निधीचा हेतू आहे आणि तो मला योग्य वाटतो.

दुसरा इशारा कामाविषयी. प्रायोजक संस्थेच्या (म्हणजे तुम्हाला डीएस-२०१९ देणाऱ्या संस्थेच्या) लेखी परवानगीशिवाय एक तासही मोबदल्याचे काम करू नका. ओळखीच्या कुटुंबाच्या दुकानात शनिवार-रविवार बसणे हेही कामच आहे. ‘सगळे करतात, काही होत नाही’ असे सांगणाऱ्याला त्याचे परिणाम भोगावे लागत नाहीत. कार्यक्रम तुमचा संपुष्टात येतो. राहण्याचा पत्ता बदलला तर दहा दिवसांच्या आत संस्थेला कळवा. गांजा अनेक राज्यांत खुलेआम विकला जात असला तरी केंद्रीय कायद्याने तो गुन्हाच आहे आणि परदेशी नागरिकाला त्याची फार मोठी किंमत मोजावी लागू शकते.

आरोग्य विमा बंधनकारक आहे. प्रत्येक आजार किंवा अपघातासाठी किमान १,००,००० डॉलरचे संरक्षण असलेच पाहिजे. मात्र साध्या तक्रारीसाठी थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाण्याआधी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जा.

आता वर्गाविषयी. आपल्याकडचे विद्यार्थी प्रतिनिधी भाषणात तयार असतात, निवडणुका लढवलेले असतात, आणि तोच आपला गुण आहे असे समजून येतात. येथील चर्चेत दहा मिनिटे उत्तम बोलणाऱ्यापेक्षा आधीच्या वक्त्याचा मुद्दा नीट ऐकून त्यावर एक नेमका प्रश्न विचारणाऱ्याची अधिक कदर होते. नेमून दिलेले वाचन करूनच वर्गात जा, कारण ते झाले आहे हे गृहीत धरूनच प्राध्यापक बोलतात. भेटीसाठी त्यांनी राखून ठेवलेल्या तासांत खरोखर जा. त्यात आगाऊपणा नाही, उलट न जाणाऱ्याला रस नाही असा अर्थ घेतला जातो. दुसऱ्याचे वाक्य संदर्भाशिवाय निबंधात आले तर ती चोरी ठरते. शक्य झाल्यास विद्यार्थी परिषदेची अंदाजपत्रकाची बैठक पाहा. विद्यार्थ्यांच्या शुल्कातून जमलेला पैसा कोणत्या मंडळाला किती द्यायचा यावर मुले ज्या बारकाईने वाद घालतात, त्यातून मिळणारे शिक्षण कोणत्याही व्याख्यानात मिळत नाही.

जात, धर्म, काश्मीर यांवर तुम्हाला प्रश्न विचारले जातील. तुम्ही राजदूत नाही. देशाची बाजू लढवण्याच्या भरात पाठ केलेली उत्तरे देऊ नका; जे स्वतः पाहिले आहे आणि जेवढे ठाऊक आहे तेवढे प्रामाणिकपणे सांगा. अमेरिकी माणसे अशा बोलण्याचा आदर करतात, हा माझा ठाम अनुभव आहे. मात्र त्यांचे ‘पुन्हा भेटू या’ हे आमंत्रण नसते. दिवस आणि वेळ ठरली तरच भेट ठरली.

येथील मराठी कुटुंबे मायेने बोलावतील. अधूनमधून जरूर जा, पण प्रत्येक सुट्टी तिथेच घालवू नका. तुमच्याच गटात इतर देशांतले प्रतिनिधी असतात; पुढे कामाला येणारी ओळख त्यांची असते आणि ती तेवढ्याच मोजक्या आठवड्यांत होते.

मध्येच अमेरिकेबाहेर जायचे असेल तर डीएस-२०१९ वर प्रवासासाठी संस्थेची सही आधी घ्या. कार्यक्रम संपल्यावर फिरण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्या काळात काम करता येत नाही, आणि एकदा देशाबाहेर पडल्यास त्याच आधारावर परत येता येत नाही. उत्पन्न काहीच नसले तरी ८८४३ हा कर विभागाचा फॉर्म पुढच्या वर्षी १५ जूनपर्यंत पाठवावा लागतो. तोपर्यंत तुम्ही घरी पोहोचलेले असाल, म्हणून निघण्याआधीच तो कोण आणि कुठे पाठवणार हे आयोजकांना विचारून घ्या.