द्वितीयेला निघा, अष्टमीला नको

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतली कांदळवनं निवडली, तेव्हा माझा आराखडा फार देखणा होता. पाच जागा, प्रत्येक ठिकाणी १० बाय १० मीटरचे चौकोन, त्यातल्या तिवर, चिपी, कांदळ या खारफुटीच्या झाडांची मोजणी आणि मुळांखालच्या चिखलातला सेंद्रिय कार्बन. हे सगळं हॉस्टेलच्या खोलीत, उपग्रहाच्या नकाशावर बोट ठेवून ठरवलेलं. पहिल्या दिवशी खाडीवर पोचले तर पाचातल्या दोन जागा पाण्यात. दुपारी बाराला ओहोटी म्हणून थांबले. बारा वाजले, पाणी थोडंसं हललं आणि तिथंच राहिलं. जवळच जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांनी वर न बघताच सांगितलं, "आज अष्टमी ना? भांगाचं पाणी ते. एवढंच उतरायचं. बीजेला ये."

चार वर्षं वनस्पतिशास्त्र शिकून मला उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या आसपासची लहान) यांची व्याख्या पाठ होती. पण कामाचा दिवस त्यावरून ठरवायचा असतो हे डोक्यात आलं नव्हतं.

कोकणात भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीला ८ च्या पाऊणपट ६, म्हणजे सहाला भरती आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीची ओहोटी बाराला येते, कॉलेजच्या वेळेला अगदी सोयीची, पण तेव्हा पाणी फारसं उतरतच नाही. अमावास्या-पौर्णिमेला ते खूप खाली जातं, पण साधारण पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. मधला मार्ग म्हणजे द्वितीया ते चतुर्थी. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून भरतीचं छापील कोष्टकही जवळ ठेवा. त्यातली वेळ बंदराची असते. खाडीत जितकं आत जाल तितकी ओहोटी उशिरा लागते. तरी ठरल्या वेळेच्या दोन तास आधी पोचा आणि पाण्यामागोमाग खाली उतरा. पाणी फिरलं की काम अर्धं टाकून वर या. मी एकदा 'शेवटचा एक चौकोन' म्हणून थांबले आणि कमरेइतक्या पाण्यातून पिशव्या डोक्यावर घेऊन परतले.

गमबूट नकोत. चिखलात बूट अडकतो आणि पाय तेवढा वर येतो. जुने कॅनव्हासचे बूट नाडी घट्ट बांधून घाला. अनवाणी उतरलात तर कालवांची शिंपलं पाय कापतात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून पिशवीच्या आत टाका, मार्करची अक्षरं ओल्या पिशवीवर टिकत नाहीत. तिवराचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात, पण कांदळाला आधारमुळं असल्यामुळे सगळ्यात वरच्या मुळाच्या ३० सेंटीमीटर वर टेप लावायचा. हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं, म्हणून कांदळाची झाडं पुन्हा मोजावी लागली. परवानगीचा अर्ज मात्र सगळ्यात आधी, गाइडच्या सहीनिशी वनविभागाकडे. कांदळवनाला हात लावायचा तर चिखलाच्या नमुन्यालाही विचारावं लागतं.

आता प्रयोगशाळा, आणि माझी सगळ्यात मोठी चूक. कार्बन मोजायला आमच्याकडे वॉकली-ब्लॅकची पद्धत होती: चिखलात डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालायचं, मग टायट्रेशन करून किती डायक्रोमेट उरलं ते मोजायचं; जितकं खर्च झालं त्यावरून कार्बन काढायचा. शेतातल्या मातीवर ती वर्षानुवर्षं चालत आलेली, सगळ्या बाटल्या तयार. एका उघड्या पट्ट्यावर, जिथं झाड नाही आणि वर मिठाचे पापुद्रे, तिथल्या चिखलात अपेक्षेपेक्षा बराच जास्त कार्बन निघाला. मी खूश. 'ओसाड पट्ट्यातही कार्बनचा साठा' असं शीर्षकही वहीत लिहून ठेवलं. पीएचडी करणाऱ्या ताईंनी आकडे पाहून एकच विचारलं, "मिठाचं काय केलंस?"

काहीच नाही केलं. मिठातलं क्लोराइडही डायक्रोमेट खातं, आणि जे खाल्लं ते आपण कार्बनच्या नावावर मांडतो. जितकं मीठ जास्त तितका खोटा कार्बन जास्त. उपाय पाठ्यपुस्तकातच होता: आम्लात सिल्व्हर सल्फेट विरघळवायचं, म्हणजे क्लोराइड बांधलं जातं. चांदीचा क्षार, त्यामुळे महाग. विभागात अर्धी बाटली. नमुने ६० होते, पुरले १८ ला. उरलेल्यांत क्लोराइड वेगळं मोजून वजाबाकी केली, त्यात मार्चचे तीन आठवडे गेले.

म्हणून आराखडा लिहिण्याआधी एकदा रिकाम्या हाताने खाडीवर जा, आणि एकच नमुना आणून शेवटच्या टायट्रेशनपर्यंत न्या. पावसाळ्यात जमलं तर आणखी उत्तम. नदीचं गोडं पाणी खाडीत येतं तेव्हा खारटपणा इतका घसरतो की मे महिन्याची खाडी ओळखू येत नाही. माझे सगळे नमुने डिसेंबर ते फेब्रुवारीचे, त्यामुळे प्रबंधाच्या शीर्षकात 'हिवाळ्यातील' हा शब्द घालावा लागला. तो घातल्यावर पुष्कळ प्रश्न आपोआप मिटले.

पाचातल्या तीनच जागा प्रबंधात आल्या. पहिले चुकीचे आकडे मी खोडले नाहीत. परिशिष्टात दुरुस्त आकड्यांच्या शेजारी तसेच छापले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेतला अर्धा वेळ त्याच पानावर घालवला.